गोदाक्कांकडे ठेवलेलं प्रस्थान

शलाका मागच्या अंगणात नळापाशी उकिडवी बसून गमबूट घासत होती आणि मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप धरून धुण्याच्या दगडाकडे बघत होतो. दगड तिच्या डोक्यापासून दीड हात लांब होता. डावीकडे कलंडली तर दगडावर, उजवीकडे कलंडली तर नळाच्या तोटीवर. मागे पडली तर तुळशीची कुंडी, तीही मातीची, म्हणजे अर्धवट धोका. पुढे पडली तरच फक्त गमबूट. मी हायस्कुलात विज्ञान आणि गणित शिकवायचो, त्यामुळे घाबरायचं तेसुद्धा रीतसर घाबरायचो.

"अप्पा, चहा निवला," ती मागे न बघता म्हणाली.

"तुला कसं कळलं मी इथं आहे?"

"आठ महिने तुम्ही तिथंच आहात."

ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची, फलटणची. शलाका तेव्हा वीस वर्षांची होती आणि दूर विदर्भात गुराढोरांच्या डॉक्टरकीचं शिकत होती. आदल्या डिसेंबरात एका म्हशीचा ताप बघता बघता ती गोठ्यातच कोसळली. हातपाय ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. तिची मैत्रीण सांगत होती, म्हैस जागची हलली नाही. नुसती मान वळवून शलाकाचे केस चाटत राहिली. दोन दिवसांनी हॉस्टेलच्या जिन्यात दुसरा झटका आला आणि जिन्यानं मात्र म्हशीइतकं सौजन्य दाखवलं नाही. कपाळाला सात टाके पडले. आम्ही तिला घरी घेऊन आलो.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या. सकाळी आठला एक, रात्री आठला एक. "जेवण चुकलं तर चालेल, गोळी चुकता कामा नये," ते म्हणाले. "एकदम बंद झाल्या तर झटका येणारच असं समजा." हे वाक्य मी पाठ केलं. पुढचं वाक्य "बाकी मुलीला मोकळं सोडा" असं होतं, ते मला नीट ऐकू आलं नाही.

आठ महिने झटका आला नाही. पण ह्या आठ महिन्यांत आमच्या घरातल्या यच्चयावत टोकदार वस्तूंशी माझी जवळून ओळख झाली. टेबलाचे कोपरे, पलंगाचे पाय, जात्याची पाळी, सगळ्यांना मी सायकलच्या जुन्या ट्यूबा गुंडाळल्या. ट्यूबा कोपऱ्यावरच्या सायकल-दुकानातून, गफूरभाईंकडून आणायचो. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "सर, घरात कशाकशाला पंक्चर झालंय?" मी ट्यूबांचे पैसे दिले. बोलायची बंदी होती.

ती बंदी कुमुदची. कुमुद म्हणजे माझी बायको. मुलीला फिट येते हे गल्लीत कळलं की तालुक्यात कळायला एक रात्र पुरते, आणि तालुक्यात कळलं की मुलीचं लग्न झालंच म्हणून समजा, असं तिचं म्हणणं होतं. तेव्हा गल्लीला आम्ही कावीळ सांगितली होती. आठ महिने टिकलेली ही फलटणमधली पहिलीच कावीळ असावी. शेजारीपाजारी उसाचा रस आणून द्यायचे, कुणी गळ्यात घालायची माळ आणायचं. शलाका तो रस निमूटपणे प्यायची आणि आईकडे बघायची. गोळ्यासुद्धा आम्ही गावातल्या मेडिकलातून घेत नव्हतो. महिन्याच्या महिना मी साताऱ्याहून आणायचो. गावात ती गोळी कुणी ठेवतच नव्हतं. ठेवणार कशी, मागतोय कोण?

तर अशी आमची सगळी व्यवस्था चोख चालू असताना शलाका म्हणाली, मी परत जाणार. सोमवारी कॉलेजात नाव घालायची शेवटची तारीख होती. ती चुकली की वर्ष गेलं. आणि एक वर्ष आधीच बुडत आलेलं असताना दुसरं गेलं तर ती पुन्हा जाणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. शनिवारी सकाळी सहाची सोलापूरची गाडी, तिथून पुढची दुसरी.

"शनिवारी पूर्वेला दिशाशूळ असतं, तिकडं निघू नये," कुमुद पंचांगातून डोकं वर काढून म्हणाली.

"सोलापूर अगदी पूर्वेला नाही. थोडं आग्नेयेला येतं."

"आणि सोलापूरहून पुढं?"

"पुढं ईशान्येला."

"मग दोन्हींची बेरीज करा. गणिताचे मास्तर ना तुम्ही?"

मी मनातल्या मनात बेरीज केली. पूर्वच येत होती.

"म्हणून शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रस्थान ठेवायचं," कुमुदनं निकाल दिला.

हल्ली ही पद्धत फारशी राहिली नाही, म्हणून सांगतो. मुहूर्त एका दिवशी आणि निघणं दुसऱ्या दिवशी असलं, की माणसाऐवजी माणसाची एखादी वस्तू मुहूर्तावर बाहेर काढायची. अक्षता, सुपारी, हळकुंड आणि ती वस्तू अशी पुरचुंडी बांधायची आणि जायच्या दिशेला असलेल्या एखाद्या शेजारघरी नेऊन ठेवायची. एकदा ठेवलेलं प्रस्थान घरात परत आणायचं नाही. निघताना वाटेत उचलायचं आणि मागं न बघता चालू लागायचं. म्हणजे शलाकाची ओढणी शुक्रवारी निघणार होती आणि शलाका शनिवारी. दिशाशुळाला हा फरक कळत नाही, अशी कुमुदची श्रद्धा होती.

मी दरवर्षी फेब्रुवारीत, विज्ञान दिनाला, शाळेच्या स्टेजवर पेटता कापूर जिभेवर ठेवून अंधश्रद्धेवर व्याख्यान द्यायचो. त्यामुळे "असल्या गोष्टी मी करणार नाही" असं मी ठणकावून सांगितलं.

"करू नका. फक्त पोचवा. गोदाक्कांचं घर शाळेच्या वाटेवरच आहे. माझ्या पोळ्या व्हायच्यात."

गोदाक्का कापसे पूर्वेला तिसऱ्या घरात एकट्या राहायच्या. कुमुदनं पिवळ्या रुमालाची पुरचुंडी बांधून पुढच्या खोलीत माझ्या हातात दिली आणि तव्यावरची पोळी करपायला लागली म्हणून आत पळाली. शलाका न्हाणीघरात होती. दाराला आतून कडी लावलेली. मी कडीचा आवाज कान देऊन ऐकला होता. समोर तिची बॅग उघडी पडली होती, आणि कपड्यांच्या वर, मुठीएवढी, निळ्या कापडाची गोळ्यांची पिशवी होती.

आतून पाण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. शलाका न्हाणीघरात गाणं म्हणते, तेही थांबलं. मी एक, दोन, तीन असे आकडे मोजायला लागलो. एकोणीसला गाणं पुन्हा सुरू झालं. साबण डोळ्यांत गेला असणार.

त्या एकोणीस आकड्यांत मला हॉस्टेलचं न्हाणीघर दिसलं. लांबलचक पॅसेज, दहा दारं, दहा कड्या. तिकडे आकडे कोण मोजणार?

मी पुरचुंडीची गाठ दातांनी सोडली, निळी पिशवी ओढणीच्या घडीत सरकवली आणि गाठ पुन्हा मारली.

माझा विचार असा होता. संध्याकाळी गोळ्यांची पिशवी सापडणार नाही. शोधाशोध होईल. पिशवीशिवाय ती शनिवारी निघणार नाही, आणि शनिवार शोधण्यातच जाईल. रविवारी साताऱ्याचं दुकान बंद. सोमवारी मी गोळ्या आणीन, तोवर नाव घालायची तारीख गेलेली असेल, आणि कुणाला काही बोल लावता येणार नाही. प्रस्थान उलगडायचंच नसल्यामुळे त्यात कुणी बघणार नव्हतं. अंधश्रद्धेचा इतका शास्त्रशुद्ध उपयोग क्वचितच कुणी केला असेल. आणि तिची रोजची गोळी चुकणार नव्हती, कारण तिनं आठची गोळी घेतल्यावर स्वयंपाकघरातल्या फळीवरचा स्टीलचा डबा मी रोजच्यासारखा उघडून पाहिला होता. त्यात सहा गोळ्या होत्या. मी घाबरट होतो, दुष्ट नव्हतो.

गोदाक्कांनी पुरचुंडी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. "पस्तान माझ्याकडं ठिवलं, लई बरं झालं. पोरगी कावीळ जिंकून चालली बघा, सर." आणि ती देवापुढे ठेवली.

शाळेत त्या दिवशी मी आठवीला तरफेचे प्रकार शिकवले. पहिला प्रकार दोनदा शिकवला.

संध्याकाळी साडेसातला शलाकानं बॅग उपसली.

"आई, गोळ्यांची पिशवी कुठाय?"

"बॅगेतच आहे की. वरच ठेवली होती मी."

"नाहीये."

कुमुद धावली. गाद्या उलटल्या, कपाट उघडलं. मीही त्यांच्याबरोबर शोधत होतो. न हरवलेली वस्तू शोधताना चेहरा कसा ठेवायचा, ह्याचा मला सराव नव्हता. मी तीनदा एकाच उशीखाली पाहिलं.

"सापडेल," मी म्हणालो. "आत्ताची गोळी डब्यातली घे. आठ वाजत आलेत."

"डब्यात कुठल्या?" कुमुद म्हणाली. "त्या सहाही सकाळीच पिशवीत भरल्या. एका जागी असाव्यात म्हणून."

मी उशी हातात धरून तसाच उभा राहिलो.

मला आठवतं, कुमुदचे ओठ हलत होते आणि मला आवाज येत नव्हता. मला ऐकू येत होतं ते डॉक्टरांचं वाक्य. एकदम बंद झाल्या तर झटका येणारच असं समजा. मी घड्याळाकडे पाहिलं. आठला अकरा मिनिटं. मग शलाकाच्या डाव्या हाताकडे पाहिलं. झटक्याच्या आधी डावा अंगठा आपोआप हलायला लागतो, असं ती सांगायची. अंगठा हलत होता.

"शलाका! तो हात!"

"काय झालं? मोजतेय मी, कुठं कुठं बघितलं ते."

"मी आलो," असं म्हणून मी चपला न घालता निघालो.

गोदाक्कांच्या दाराला कुलूप होतं.

कुलूप हातात धरून मी हलवलं. नंतर दार हलवलं. नंतर, खोटं कशाला सांगू, दाराला डोकं टेकलं.

"गोदाक्का न्हाईत, सर," समोरच्या ओट्यावरून मानेआजी म्हणाल्या. "लेकीच्या पोटात कळा सुरू झाल्या म्हणून बारामतीहून निरोप आला. चार वाजताच गेल्या, तशाच. उद्या दुपारपर्यंत येतील."

उद्या दुपारपर्यंत म्हणजे दोन गोळ्या. मी परसदारी गेलो. मागच्या दाराला आतून अडसर. खिडकीला गज. मी गजांमधून हात घालून पाहिला. देव भिंतीच्या पलीकडे होते. मेडिकलकडे पळावं, तर तिथं ती गोळी नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! साताऱ्याला जायला अडीच तास, तोवर दुकानं बंद. मी परत पुढच्या दाराशी आलो, आणि रस्त्यावर पडलेला एक दगड उचलून कुलपावर हाणला. दगड फुटला.

गल्लीत विज्ञान-शिक्षकानं शेजारणीचं घर फोडायला घेतल्याचं दृश्य रोज दिसत नाही. ओट्यांवरची माणसं उठली. कोपऱ्यावरून गफूरभाई हात पुसत आले.

"काय झालं, सर?"

"आत माझी वस्तू राहिली आहे."

"कुठली?"

मी कुमुदच्या बंदीत होतो. डोक्यात काही येईना. "चष्मा," मी म्हणालो.

गफूरभाईंनी माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. "सर, चष्मा नाकावर आहे."

"दुसरा."

"मग सकाळी बघू की. चष्म्यासाठी बाईमाणसाचं कुलूप फोडायचं म्हणजे..."

"आत्ता फोडायला पाहिजे!" मी ओरडलो. माझा आवाज फाटला. आयुष्यात मी वर्गातसुद्धा इतका ओरडलो नव्हतो. माणसं एक पाऊल मागे सरली. मानेआजी शेजारणीला हळूच म्हणाल्या, "मास्तरांचं कायतरी बिनसलंय गं."

तेवढ्यात मागून शलाका आली. तिच्यामागे पदर सावरत कुमुद. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. मी आधी तिचा अंगठा पाहिला.

"अप्पा, इथं काय करताय?"

"तुझी पिशवी आत आहे," मी म्हणालो. "प्रस्थानात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग गफूरभाईंकडे वळली.

"चाचा, कुलूप फोडा. माझ्या गोळ्या आत आहेत."

"काविळीच्या?"

"शलाका!" कुमुद म्हणाली.

"कावीळ नव्हतीच, चाचा. मला फिट येते. डिसेंबरात दोनदा आली. आठ वाजता गोळी घ्यावी लागते, नाहीतर परत येऊ शकते."

हे तिनं, चाकात हवा कमी आहे, अशा आवाजात सांगितलं. कुमुदनं डोळे मिटून घेतले. मी वाट बघत होतो कशाची, कोण जाणे. आभाळ कोसळण्याची असावी.

"म्हंजे," मानेआजी म्हणाल्या, "तो उसाचा रस वायाच गेला म्हणायचा?"

"वाया कशाला आजी? गोड होता."

"आणि मी आठ महिने तुझ्या काविळीसाठी दुवा मागतोय ते?" गफूरभाई हातोडी आणायला वळता वळता म्हणाले.

"तीच फिटवर वळवा."

"वळवतो. वर सगळं एकाच ऑफिसात जातं."

कुलूप फुटलं नाही. कोयंडाच चौकटीतून उखडून आला. शलाका आत गेली, पुरचुंडी घेऊन उंबऱ्यावर आली आणि दिव्याखाली धरून तिची गाठ पाहायला लागली. कुमुदची गाठ दातांनी सोडावी लागते. ही गाठ बुटाच्या लेससारखी होती, एक टोक ओढलं की सुटणारी. तिनं एक टोक ओढलं. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मला तिच्यापेक्षा लहान असल्यासारखं वाटलं.

"आत कशी गेली पिशवी?" कुमुदनं विचारलं.

"मीच ठेवली, आई," शलाका म्हणाली. "सकाळी घाईत. विसरूनच गेले."

मानेआजींनी तांब्या दिला. तिनं गोळी घेतली. आठ वाजून बावीस मिनिटं. (पुढे एकदा डॉक्टरांना मी ही बावीस मिनिटं सांगितली, तर ते हसायला लागले. "बावीस मिनिटांनी काय होतंय?" म्हणाले. ही माहिती त्यांनी मला आधी द्यायला हवी होती.)

मला वाटलं, संपलं. माणसं पांगतील. पण पुढच्या ओट्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "फिट आली की कांदा फोडून नाकाला लावायचा, पोरी. जालीम उपाय." दुसरे म्हणाले, "कांदा कसला, चामड्याची चप्पल!" तिसऱ्यानं तोंडात चमचा घालायची सूचना केली.

"चप्पल हुंगवायची नाही!" कुमुद एकदम म्हणाली. आवाज खणखणीत. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सगळ्यात जास्त मी. "आणि तोंडात काही घालायचं नाही. चमचा नाही, पाणी नाही. दात तुटतात. डॉक्टरांनी सांगितलंय." एवढं बोलून ती भिंतीला टेकली, आणि पदरानं कपाळ पुसायला लागली. आठ महिने दडवलेलं तिनं स्वतःच्या तोंडानं भर गल्लीत सांगितलं होतं.

"मग करायचं काय?" गफूरभाईंनी विचारलं.

"दाखवते," शलाका म्हणाली, आणि गोदाक्कांच्या ओट्यावर, सरळ फरशीवर, उताणी झोपली. "अप्पा, इकडे या."

"मी?"

"तुम्हीच."

मी तिच्याजवळ गुडघे टेकून बसलो. तिनं डोळे मिटले. हातपाय ताठ केले. मग ते हलायला लागले. आधी हळू, मग जोरात. टाचा फरशीवर आपटत होत्या. मान मागे गेली होती. मला माहीत होतं की हे नाटक आहे. तरी माझा हात उचलेना.

एक गोष्ट मी तोपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. मी तिचा झटका कधी पाहिलाच नव्हता. गोठ्यात पडली तेव्हा मी फलटणला, जिन्यात पडली तेव्हाही फलटणला. आठ महिने मी ज्याला भीत होतो, ते कसं दिसतं हे म्हशीला ठाऊक होतं, मला नव्हतं.

"अप्पा," ती डोळे न उघडता, हलता हलता म्हणाली, "मी मेलेली नाही. कुशीवर वळवा."

मी तिच्या खांद्याखाली हात घातला. वळवता येईना. माझी मुलगी इतकी जड कधी झाली?

"कंबरेला धरा. तुमचाच तरफेचा नियम. हां. आता डोक्याखाली काहीतरी मऊ."

मी ओढणी घेतली, तीच पुरचुंडीतली, आणि डोक्याखाली सरकवली.

"मला दाबून धरू नका. हलू द्या. चाचा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या आत थांबलं तर काही करायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. जास्त झालं तर दवाखान्यात न्यायचं. बस, एवढंच."

"एवढंच?" गफूरभाई म्हणाले. "ह्यापेक्षा पंक्चर अवघड."

ती हलायची थांबली. मी तसाच बसून होतो, हात तिच्या दंडावर. ती डोळे उघडून माझ्याकडे बघत होती.

"आता परत एकदा," ती म्हणाली. "तुम्ही फार वेळ लावलात."

आम्ही चार वेळा केलं. चौथ्या वेळी मानेआजींनी कुमुदला आडवं करून वळवलं, कारण त्यांनाही ते यायला पाहिजे होतं.

घरी आल्यावर कुमुद वरणाला फोडणी द्यायला आत गेली. शलाका पुढच्या खोलीत बॅग पुन्हा भरत होती. पुरचुंडी मात्र तिनं परत बांधून गोदाक्कांच्या देवापुढेच ठेवली होती. गफूरभाईंनी कोयंड्याला तार गुंडाळून दिली होती.

"आईला दिशाशूळ असतं," ती कपड्यांची घडी घालत, हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला काय असतं, अप्पा?"

मी उत्तर तयार करत होतो. मला तारीख माहीत होती, वर्ष जाईल हे माहीत होतं, सगळं सांगायचं होतं.

"तुला तिथं कोण वळवेल?" माझ्या तोंडून एवढंच आलं.

ती थांबली. "तोच प्रश्न मलाही पडतो," ती म्हणाली. "रोज. म्हणून काय मी जन्मभर इथं काविळीचा रस पीत बसू?" आणि तिचा आवाज जरा हलला. तेव्हा मला कळलं की घरात घाबरलेला मी एकटाच नव्हतो. मी फक्त जास्त जागा अडवली होती. "पुन्हा असं करू नका, अप्पा. मला माझ्या फिटवर नजर ठेवावी लागते. तुमच्यावरही ठेवायला लावू नका."

सकाळी तिनं उंबऱ्यावर कुमुदला वाकून नमस्कार केला, वाटेत प्रस्थान उचललं आणि रीतीप्रमाणे मागं न बघता चालायला लागली. मागं बघायचं नसल्यामुळे बॅग घेऊन मी येतोय की नाही, हे तिला बघता येत नव्हतं. दर दहा पावलांवर मी खोकत होतो.

स्टँडवर सोलापूरची गाडी लागलेली होती. मी बॅग वर ठेवायला आत चढलो. शलाका एका बाईशेजारी बसली. पन्नाशीची, नऊवारीतली, मांडीवर भाकरीचं फडकं. मी बॅग फळीवर सरकवत होतो. बॅग आधीच नीट बसली होती, तरी सरकवत होतो.

"मावशी, एक सांगून ठेवते," शलाका म्हणाली. "मला फिट येते. आठ महिन्यांत आलेली नाही. पण आली तर घाबरू नका, नुसतं कुशीवर वळवायचं."

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कंच्या कुशीवर?"

"डाव्या."

"कांदा?"

"नाही."

"पानी बी न्हाई पाजायचं?"

"काहीच नाही. थांबेपर्यंत जवळ बसायचं."

"बरं," बाई म्हणाली आणि सुपारी तोंडात टाकली. "पर म्या माळशिरसला उतरनार."

माझा हात फळीवरच राहिला. माळशिरस म्हणजे जेमतेम तासाभराचा रस्ता. "आणि त्याच्यापुढं?" मी मध्येच विचारलं.

बाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "ह्यो कोन? बा का तुजा?"

"हो."

"ह्येला बी येत्यात का फिटा?"

"नाही," शलाका म्हणाली. "ते नुसते घाबरतात."

"आवं घाबरताय कशाला?" बाई मला म्हणाली. "उतरताना म्होरल्या बाईला सांगून उतरंन की. ती तिच्या म्होरलीला सांगंल. गाडीत काय बायांचा दुष्काळ हाय व्हय?"

मला ह्यावर काही विचारायचं होतं. पुढची बाई विसरली तर? सोलापूरच्या पुढच्या गाडीत काय? माझ्याकडे सोळा-सतरा प्रश्न होते, क्रमवार. पण कंडक्टर आत आला होता, त्यानं घंटीची दोरी हातात घेतली होती, आणि सगळ्या गाडीत उभा असलेला मी एकटाच होतो.

"काका, येताय का उतरताय?"

शलाकानं माझ्याकडे पाहिलं. ह्या वेळी तिनं काही सुचवलं नाही.

"उतरतो," मी म्हणालो. आणि उतरलो.